पावसाळी सुट्टीतून गाळलेली कामे

मराठी ललित लेखनात पावसाळी सुट्टीचा एक दिवस जणू ठरून गेलेला आहे. बाहेर पाऊस लागलेला असतो, खिडकीजवळ खुर्ची असते, मांडीवर पुस्तक असते, आतल्या खोलीतून मल्हाराचे सूर ऐकू येतात आणि मधूनमधून चहा आणि गरम भजी येत असतात. ‘येत असतात’ या क्रियापदाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती कोण आणते, डाळीचे पीठ कोणी दळून आणले, गॅसचा नंबर कोणी लावला, गळणाऱ्या कौलाखाली बादली कोणी ठेवली, यांतले काहीही त्या दिवसात येत नाही. सुट्टी आहे, पण कामे नाहीत. आमचे म्हणणे असे की, सुट्टीतून कामे गाळून टाकण्याची ही सवय वाटते तितकी निरुपद्रवी नाही. वाचन म्हणजे काय आणि वाचक कोणाला म्हणावे, याविषयीच्या आपल्या कल्पनांना तिने एक वळण लावले आहे. त्या वळणामुळे पुष्कळ माणसे स्वतःला वाचक म्हणवून घेण्यास कचरतात.

ही सवय कोठून आली हे पाहताना कोल्हापूरला वळसा घालता येत नाही. ज्या वाङ्मयप्रकारात असा दिवस प्रथम आणि सर्वाधिक रंगला, त्या लघुनिबंधाचे दोन प्रमुख लेखक कोल्हापूरशी बांधलेले आहेत. ना. सी. फडके राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि त्यांनी या लेखनाला ‘गुजगोष्टी’ असे नाव दिले. वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापुरात आले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले. त्यांचा ‘वायुलहरी’ हा संग्रह त्यापूर्वीचा, १९३६ सालचा. अनंत काणेकर यांचे ‘पिकली पाने’ १९३४ चे. या लेखकांनी मराठी गद्याला मोकळेपण दिले, क्षुल्लक विषयांना प्रतिष्ठा दिली, वाचकाशी गप्पा मारण्याचा सूर दिला. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या प्रकाराने काय घेतले आणि काय सोडले, याचा.

मराठी लघुनिबंधाचे मूळ इंग्रजी निबंधात शोधले जाते आणि तेथे चार्ल्स लँब याचे नाव आदराने घेतले जाते. पण लँब हा फुरसतीत वाढलेला माणूस नव्हता. १७९२ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत कारकून म्हणून लागला आणि १८२५ मध्ये, तेहतीस वर्षांनी, निवृत्त झाला. ‘एलिया’ या टोपणनावाने त्याने जे निबंध लिहिले, त्यांतले बहुतेक या कारकुनीच्या काळातले. निवृत्तीनंतर लगेच लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात त्याने कचेरीतील माणसाच्या सुट्टीचे फार नेमके वर्णन केले आहे. वर्षातून एक आठवडा मोकळा मिळायचा आणि तो आठवडा त्याचा पुरेपूर उपयोग कसा करावा या अस्वस्थ धडपडीतच संपायचा. सुख काय आहे हे कळेपर्यंत पुन्हा मेज समोर यायचे. म्हणजे ज्याला आपण फुरसतीचा आद्य निबंधकार समजतो, त्याच्या फुरसतीला सर्व बाजूंनी नोकरीची चौकट होती आणि ती चौकट त्याने निबंधातून पुसली नाही. त्या निबंधाची गोडी आणि उदासी या दोन्ही त्या चौकटीतून येतात.

मराठीने लँबची फुरसत घेतली आणि मेज सोडून दिले. हे विधान थोडे कठोर आहे, याची आम्हाला जाणीव आहे. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. घंटेवर चालणारे जीवन त्यांना ठाऊक होते. फडकेही नोकरीच करीत होते. परंतु या प्रकाराचा जो साचा पुढे पाठ्यपुस्तकांतून आणि दिवाळी अंकांतून रूढ झाला, त्यात ‘मी’ हा नेहमी मोकळा असतो. त्याला उद्या कामावर जायचे आहे असे कधी जाणवत नाही. लघुनिबंध मागे पडला आणि त्याची जागा ललित लेखाने घेतली, तेव्हाही हा मोकळा ‘मी’ आपल्या खुर्चीसह नव्या घरात राहायला गेला.

दुसऱ्या टोकाला ग्रामीण साहित्य आहे. तेथे कामे आहेत, भरपूर आहेत, आणि ती गाळण्याचा आरोप त्यावर कोणी करणार नाही. पण तेथे काम करणारा माणूस वाचताना किंवा गाणे ऐकताना क्वचित दिसतो. याला एक मोठा अपवाद आहे आणि तोही याच परिसरातला. आनंद यादव कागलचे. त्यांच्या ‘झोंबी’ या १९८७ सालच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत शाळेसाठी बापाशी चाललेली झुंज सर्वांच्या लक्षात राहते. आम्हाला त्यातला एक लहान तपशील अधिक मोलाचा वाटतो. पिकाला पाणी पाजताना किंवा ढोरे राखताना मुलाला पूर्वी एकटेपण खायला उठत असे. वर्गात कविता गळ्यावर म्हणणारे मास्तर भेटल्यावर तेच एकटेपण त्याला हवेसे वाटू लागले, कारण आता रानात मोठ्याने कविता म्हणता येत होत्या. कागद जवळ नसला तर तो म्हशीच्या पाठीवर काडीने ओळी लिहीत असे. येथे काम थांबलेले नाही. पाणी चालूच आहे आणि कविताही चालू आहे. मराठी साहित्यात वाचनाचे याहून खरे चित्र आम्हाला आठवत नाही. तरीही ‘झोंबी’ शिकवताना आपण ते केवळ दारिद्र्याचा पुरावा म्हणून वाचतो, वाचनव्यवहाराचा पुरावा म्हणून वाचत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये आज बहुसंख्य वाचक राहतात. आमचे वास्तव्य असलेले गडमुडशिंगी हे त्याचे चांगले उदाहरण ठरेल. करवीर तालुक्यातले हे गाव कोल्हापूरच्या आग्नेयेला आहे. एका बाजूस गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी ती वळिवडे येथील छावणीच्या परिसरात उभी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच छावणीत पोलंडचे निर्वासित राहत होते. दुसऱ्या बाजूस गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि उजळाईवाडीचा विमानतळ. गावात गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना आहे, शेती आहे, गोठे आहेत. येथला माणूस फडक्यांच्या निबंधातला प्राध्यापक नाही आणि यादवांच्या कादंबरीतला फाळ्याने रान करणारा शेतकरीही राहिलेला नाही. तो दुकानात, कारखान्यात, शाळेत, कचेरीत जातो. त्याची रजा मोजलेली असते आणि तिचा शेवटचा दिवस पावसात आला तर त्या दिवशी कामांची यादी असते.

अशा एका दिवसाचा तपशील येथे देणे अवश्य वाटते, कारण तपशील टाळण्याविरुद्धच हा लेख आहे. श्रावणातला दिवस, दुसऱ्या दिवशी कामावर रुजू व्हायचे. यादीत गिरणीतून दळण आणणे होते, दूध संस्थेतून दहा दिवसांचे बिल घेणे होते, बँकेत ओळखपत्राची छायाप्रत देणे होते, छत्रीची मोडलेली काडी बसवून घेणे होते, औषधे होती आणि मुदत संपलेले एक पुस्तक शहरात जाऊन परत करणे होते. पाऊस सकाळपासून होता. कोल्हापूरकर पाऊस डोळ्यांनी पाहतो त्याहून अधिक फुटांत मोजतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे येथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, ही येथली पावसाळ्यातली पहिली बातमी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. त्यामुळे शहरात पुस्तक परत करायला जावे की न जावे, हा निर्णयही फुटांवर अवलंबून असतो. ‘पाऊस’ या शब्दाचा असा व्यावहारिक अर्थ आपल्या निसर्गपर ललित लेखनात फारसा उतरलेला नाही.

गिरणीत वीज नव्हती. ‘सर, लाईट गेलीय. बसा जरा, यील एवढ्यात,’ असे गिरणीवाल्याने सांगितले आणि पोत्यांशेजारचा बाक दाखवला. पिशवीत परत करायचे पुस्तक होते, गोविंदराव टेंबे यांचे ‘माझा संगीत व्यासंग’. अर्धा-पाऊण तास ते वाचून झाले. बाकावर आणखी दोघे जण होते. एक जण वर्तमानपत्राची पुरवणी वाचत होता आणि एक मुलगी पदवीच्या परीक्षेचे टिपण पाठ करीत होती. गिरणीच्या बाकावर तीन वाचक होते. यांपैकी कोणाचीही नोंद कोणत्याही वाचनसंस्कृतीच्या परिसंवादात होणार नाही. तेथे ‘वाचक कमी झाले’ असे ठराविक वाक्य उच्चारले जाईल, आणि वाचक कोठे बसतो याची चौकशी होणार नाही.

गाण्याचीही हीच गोष्ट आहे. कोल्हापूर हे ख्यालगायकीच्या इतिहासातले मोठे ठिकाण. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँ गायक होते. देवल क्लबाची स्थापना १८८३ ची. गाणे म्हटले की दरबार किंवा मैफल आणि निवांत बसलेला श्रोता, असे चित्र आपल्यासमोर येते. परंतु विसाव्या शतकात गाणे बहुसंख्य लोकांपर्यंत पोहोचले ते तबकडीने आणि रेडिओने. १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाल्यावर या भागात ते स्वयंपाकघरात, हॉटेलात, शिवणयंत्राजवळ ऐकले गेले. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवण्यात आली. ती साडेतीन मिनिटांची आहे, कारण जुन्या तबकडीची एक बाजू तेवढीच होती. जयपूर घराण्याची अखंड, न तुटणारी आलापी इतक्या थोड्या अवकाशात बसवावी लागली, आणि ती बसली. मैफलीच्या तुलनेत त्यात काय राहून गेले याची चर्चा जाणकारांनी जरूर करावी. पण अपुऱ्या वेळेत मिळालेली कला अपुरीच असते, या समजाला ती साडेतीन मिनिटे पुरेसे उत्तर आहेत.

मल्हाराच्या प्रकारांना आपल्या संगीतपरंपरेने एक सवलत दिली आहे, तिचाही येथे उल्लेख करावासा वाटतो. रागांना प्रहर नेमून दिलेले असतात. पावसाळ्यात मात्र मल्हार कोणत्याही वेळी गावा असा संकेत आहे. ऋतूने प्रहराचे बंधन सैल केले. ज्याचे दिवसाचे वेळापत्रक दुसऱ्याच्या हाती आहे, त्याच्यासाठी ही फार माणुसकीची सवलत आहे. भाकरी थापताना मियाँ मल्हार ऐकणाऱ्याने रसभंग केला, असे कोणी म्हणू नये.

आणि मुळात श्रम, गाणे व शब्द वेगळे असतात हे आपल्याला कोणी सांगितले? जात्यावरच्या ओव्या हा मराठी स्त्रियांचा सर्वांत मोठा काव्यव्यवहार होता. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये तो संकलित केला; गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. या ओव्यांना फुरसतीची खुर्ची नव्हती. हात दळत होते आणि शब्द त्याच लयीवर येत होते. विजेची गिरणी आली, श्रम हलके झाले, हे चांगलेच झाले. जात्याचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पण गिरणीने दळणाऱ्याचे श्रम वाचवले, तो वेळ तिच्या वाचनाला मिळाला का, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारायला हवा. पावसाळी दिवसाच्या वर्णनात भजी ‘येत असतात’, तेव्हा त्याचे उत्तर बहुधा नकारार्थी असते.

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो आम्ही हलका मानत नाही. मोठी कादंबरी, विलंबित ख्याल, कठीण कविता यांना अखंड अवधान लागते. गिरणीच्या बाकावर वर्तमानपत्र वाचता येईल, अवघड तत्त्वचर्चा वाचता येणार नाही. कलानुभव हा व्यवहारापासून सुटलेला, स्वायत्त अनुभव असतो, अशी भूमिका मराठी सौंदर्यविचारात मर्ढेकरांपासून भक्कमपणे मांडली गेली आहे. रा. भा. पाटणकर यांनी १९७४ च्या ‘सौंदर्यमीमांसे’त अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची मांडणी करून हा ताण स्पष्ट केला. आमचे म्हणणे पहिल्या ध्रुवाविरुद्ध नाही. अवधान अखंड असावे लागते, हे मान्य. पण अवधान अखंड असणे आणि दिवस अखंड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस मिनिटांचे अवधान पूर्ण असू शकते, आणि मोकळा दिवस संपूर्ण विखुरलेला जाऊ शकतो. लँबचा रिकामा आठवडा नेमका असाच गेला होता.

अवधान विखुरणारी गोष्ट आज निराळी आहे आणि तिची कामांशी गल्लत करू नये. गिरणीत, बँकेच्या रांगेत, बसथांब्यावर मन रिकामे असते. देहाला तेथे थांबावे लागते, एवढेच. हा थांबण्याचा वेळ दैनंदिन कामांनीच आपल्याला दिलेला असतो. हातातला मोबाइल तो रिकामेपणा भरून टाकतो. म्हणजे वाचनाचा वेळ कामांनी खाल्ला, ही तक्रार पूर्ण खरी नाही. कामांच्या मधली वाट पाहण्याची जागा दुसऱ्याच कोणी घेतली आहे. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही ‘वेळ काढून वाचा’ असे सांगतो तेव्हा काढण्याजोगा वेळ त्यांच्याकडे नसतो, हे आम्हाला ठाऊक असते. त्यांच्यापैकी कोणी संध्याकाळी कापडाच्या दुकानात उभे असते, कोणी कारखान्यात पाळी करते, कोणाला पहाटे धार काढायची असते. त्यांना सांगायचे ते असे की, जो थांबण्याचा वेळ तुमच्याकडे आधीच आहे, तो प्रतिष्ठेने वाचनासाठी वापरा. त्याला कमी प्रतीचे वाचन समजू नका.

मात्र हा उपदेश वाचकालाच करून थांबणे लबाडीचे होईल. वाचनाची सोय ही सार्वजनिक जबाबदारी आहे, ही जाणीव कोल्हापूरला फार लवकर झाली होती. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो भारतातला या प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. मद्रासचा कायदा १९४८ चा आणि महाराष्ट्राचा १९६७ चा. ज्या संस्थानाने हे केले, त्याच्या वारसदार असलेल्या आपण वाचकांनी ग्रंथालयाकडून काय मागावे? आमच्या मते, पहिली मागणी वेळेची असावी. पाळी करणारा, दुकानात उभा राहणारा, रजेच्या एका दिवसात दहा कामे उरकणारा माणूस ज्या वेळी येऊ शकतो, त्या वेळी दार उघडे असावे. पावसाळ्यात, रस्ते बंद असताना, परतीच्या मुदतीला मल्हारासारखीच ऋतूची सवलत असावी. गावातल्या वाचनालयाची कपाटे स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपाशीच थांबू नयेत.

दुसरी गोष्ट वर्गातली आहे. लघुनिबंध आणि ललित लेख शिकवताना भाषेचे लालित्य, कल्पनाविलास, आत्मपरता हे ठरलेले मुद्दे आपण सांगतो. त्यांबरोबर एक साधा प्रश्न विचारावा: या लेखातला ‘मी’ उद्या सकाळी कोठे जाणार आहे आणि आज त्याच्या घरातली कामे कोण करीत आहे? हा प्रश्न लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी विचारायचा नाही. त्याने लेखाचा तळ दिसू लागतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आजही ताजी वाटतात, याचे एक कारण त्यांच्या लेखनात चूल, पाहुणे, भांडणे, प्रवास आणि कविता हे सगळे एकाच दिवसात राहते, हे आहे. तेथे काहीही गाळलेले नाही आणि त्यामुळे गोडी कमी झालेली नाही.

तिसरी गोष्ट लेखनाची. मोजलेल्या सुट्टीचे, यादीतल्या कामांचे आणि त्यांच्या फटींत ऐकलेल्या, वाचलेल्या गोष्टींचे गद्य मराठीत अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही. ते लिहिण्याची सामग्री निमशहरी गावांत रोज तयार होत आहे, आणि ते लिहू शकणारी मुले-मुली आमच्याच वर्गांत बसलेली आहेत. त्यांनी आपल्या निबंधात पहिल्यांदा खिडकी आणि खुर्ची मांडली, तर शिक्षकाने त्यांना विचारावे की आज दळण कोणी आणले. त्या उत्तरापासून सुरू होणारा लेख आम्हाला वाचायचा आहे.